नवतपातली तालीम

लाइट गेली की मी बोलता बोलता थांबते आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. माझ्या नवऱ्याला याची इतकी सवय झाली होती की पंखा थांबला रे थांबला, ते हातानेच खूण करायचे: घ्या, पहिल्यापासून. मुलांना वाटायचं, सगळ्यांच्याच आया असं करत असतील. गेल्या आठवड्यात मात्र नातीने पकडलं. शेजारच्या ताईंच्या कूलरची तक्रार मी तिला सांगत होते. 'त्यांच्या कूलरला ना...' इथे लाइट गेली. पंख्याने दोन आळसट फेऱ्या घेतल्या आणि तो थांबला. मीही थांबले. मग म्हणाले, 'त्यांच्या कूलरला ना, एक खिळा ढिला आहे.'

सानिका माझ्याकडे बघत राहिली. "आजी, तू हँग होतेस का गं? लाइट गेली की रीस्टार्ट होतेस."

"जुनं मशीन आहे बाई," मी म्हटलं. "चालतंय ते बघ."

ती हसली आणि आपल्या खोलीत गेली. मी मात्र तिथेच बसून राहिले. हँग झाले म्हणा हवं तर.

मे सरत आला आहे. नवतपा लागला आहे. रोहिणीतले हे नऊ दिवस म्हणजे नागपुरात सूर्य उगवत नाही, थेट डोक्यावरच येऊन बसतो. अकरानंतर रस्ता असा रिकामा होतो की गावाला कोणी टाळं लावून गेलंय असं वाटावं. बाहेर पडणारा प्रत्येक माणूस तोंडाला दुपट्टा बांधून दरोडेखोर होतो. घराघरातून कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास येतो. हा वास नाकात शिरला की लोकांना म्हणे थंड वाटतं. मला घाम फुटतो.

कारण सानिकाच्या मुलाखतीसुद्धा याच दिवसांत आल्या आहेत. आताच्या मुलाखती घरातच होतात. वरून इस्त्रीचा शर्ट, खालून रात्रीचा पायजमा, अशी ही मुलगी लॅपटॉपसमोर बसते. कमरेच्या वर साहेब, कमरेच्या खाली घरची पोर. दार लावून दुपारभर सराव करते. स्वतःबद्दलची तीच चार वाक्यं तीसदा, चाळीसदा. कधी हसून, कधी गंभीर होऊन, कधी मध्येच 'ओह गॉड' म्हणून पुन्हा पहिल्यापासून. दाराबाहेर मी भाजी निवडत असते आणि त्या चाळीस वेळांतल्या एखाद्या वेळी मला दोन आवाज ऐकू येतात. एक तिचा. दुसरा तांडापेठेतल्या माझ्या माहेरच्या घरातला, पन्नासहून जास्त वर्षांपूर्वीचा, एका महामूर्ख मुलीचा.

त्या मुलीची ओळख करून देते. वय एकोणीस. नाव सुमन, घरात सुमे. बाप कोष्टी, हातमागावर पातळं विणणारा. मुलीला मोहल्ल्याच्या नाट्यमंडळात गणपतीत तीन वेळा टाळ्या पडलेल्या, त्या तिने मोजून ठेवलेल्या. अंगात इतकी कला, की पाणी भरायला निघाली तरी विंगेतून आल्यासारखी निघायची. या मुलीने वर्तमानपत्रात एक जाहिरात वाचली. सरकारी कलापथकात स्त्री कलावंतांच्या दोन जागा. नोकरी पक्की, पगार महिन्याच्या महिन्याला. गावोगाव फिरून स्टेजवर उभं राहायचं आणि त्याचे पैसे सरकार देणार. देवाने आपल्यासाठीच ही जाहिरात छापली, अशी तिची खात्री झाली. अर्ज गेला आणि चैत्रात बोलावणं आलं. मुलाखत नवतपात, सिव्हिल लाइनमधल्या एका सरकारी कचेरीत. एक स्वगत पाठ करून यावे.

मंडळाच्या मास्तरांनी स्वगत लिहून दिलं. कशाचं, तर म्हातारीचं. नव्वद वर्षांची आंधळी म्हातारी, दारात कुणाची तरी चाहूल लागते आणि ती बोलायला लागते. पहिलं वाक्य होतं: 'कोण आहे दारात? वारा असशील तर जा, माणूस असशील तर बस.'

आता मी त्या म्हातारीच्या वयाकडे निघालेली आहे, म्हणून अधिकाराने सांगते: सुमीने म्हातारीची जी दशा केली, तिच्याबद्दल समस्त म्हाताऱ्यांनी तिच्यावर दावा लावायला हवा होता. कंबर अशी वाकवलेली की हरवलेली कानातली शोधते आहे जणू. प्रत्येक वाक्याआधी खोकला, प्रत्येक वाक्यानंतर खोकला. केसांना पीठ. हात तर असा थरथरवायची की चाळणी दिली असती तर घरचे गहू चाळून झाले असते. बाळ, म्हातारपणी हात थरथरत नाही गं नेहमी. समोरच्या लोकांचा धीर थरथरतो. आणि खोकायला म्हातारं व्हावं लागत नाही. म्हातारं झालं की माणूस उलट खोकला दाबायला शिकतो, नाहीतर पोरं दवाखान्यात नेतात.

आमचं घर दोन खोल्यांचं. पुढची खोली मागाची. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बाबा बसलेले, पायांनी पावड्या दाबायच्या, एका हाताने दोरी ओढली की धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे पळायचा आणि फणीची चौकट येऊन नवा दोरा ठोकून बसवायची. खट्ट, खटक्. एक लांब, एक आखूड. माझा जन्म या आवाजात झाला, तेव्हा मला तो आवाज वाटतच नसे. शांतता म्हणजे तोच. मागासमोरच्या भिंतीवर आरसा टांगलेला. तालमीला मी मागाकडे पाठ करून आरशासमोर उभी राहायची. त्या घरात दुसरी जागाच नव्हती, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला दुसरं काही बघायचंच नव्हतं.

नाटकाबद्दल बाबा कधी चांगलं बोलले नाहीत, वाईटही बोलले नाहीत. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "बाबा, माझं पाठांतर ऐकता का?"

"मी आयकून नाही राहिलो वं," ते म्हणाले. "मी विणून राहिलो. तू बोल."

मी बोलायला लागले. माग चालू. चौथ्या वाक्याला मी एक शब्द गाळला आणि मागे माग थांबला. मी वळून बघितलं तर ते धोट्यातला दोरा नीट करत होते. मी पुन्हा पहिल्यापासून घेतलं. माग चालू झाला. दहाव्या वाक्यात मी उगाच हुंदका दिला, माग पुन्हा थांबला.

"काय झालं बाबा?"

"काई नाही. दोरा तुटला."

दोरे फार तुटायचे त्या दिवसांत. मी चुकले की तुटायचे. मी खोटं रडले की तुटायचे. चारच दिवसांत मला वळूनही बघावं लागेना. मागे आवाज चालू आहे म्हणजे बरोबर चाललंय. आवाज थांबला म्हणजे काहीतरी चुकलं, पहिल्यापासून घ्या. बाबांनी मास्तरांचं नाटक कधी वाचलं नव्हतं, त्यांना वाचता येत होतं तेवढं विणकर सोसायटीची सुताची चिठ्ठी वाचण्यापुरतं. पण त्यांच्या कानाला खोटा ठोका कळायचा. खोकला त्यांनीच कमी करवला. एका दुपारी सलग अकरा दोरे तुटले, तेव्हा मी खोकणं सोडलं.

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे माठ पूजतात. तो सण झाला आणि त्यानंतर माय बिघडली. म्हणजे मला तसं वाटलं. माझी माय गरीब स्वभावाची, धोट्यासाठी सुताची कांडी भरता भरता स्वतःशीच हसणारी बाई. पण आता दुपारी मी आरशासमोर उभी राहिले, माग सुरू झाला, की ती आतून दारात यायची आणि करवादायची, "बंद करा ते! भरल्या घरात अपशकुन करून राहिले!"

मी म्हणायची, "माय, नाटक आहे ते. खरं थोडंच मरतंय कुणी?"

ती माझ्याकडे बघायची, मग माझ्या मागे बघायची आणि पदर तोंडाला लावून आत जायची. मी मनातल्या मनात तिला फार मोठ्या शब्दांत क्षमा करायची. अडाणी आई आणि कलावंत मुलगी, असा एक प्रवेशच मी मनात लिहून टाकला होता. त्यात मी शेवटी तिच्या पाया पडायची आणि प्रेक्षक रडायचे.

त्याच सुमाराला आणखी एक गंमत झाली. मागाचा आवाज बदलला. आधी तो जरा मऊ होता, कापडातून आल्यासारखा. आता कोरडा, मोकळा, लाकडावर लाकूड पडावं तसा झाला. मला बरंच वाटलं. त्या खणखणीत ठोक्यावर वाक्यं छान बसायला लागली. मी तर मायला सांगितलंसुद्धा, "बघ, आता कसा आवाज मोकळा झाला." मला माझ्या गळ्याबद्दलही तेच म्हणायचं होतं. मायने कांडी खाली ठेवली आणि चुलीकडे गेली.

सकाळी बाबा बाहेर जायला लागले होते. 'सुताचं पाहून येतो' म्हणायचे. डोक्याला पांढरा दुपट्टा, खिशात मायने कोंबलेला कांदा, ऊन लागू नये म्हणून. बाराला परत यायचे, तोंड विटेसारखं लाल. पन्ह्याचा पेला एका दमात प्यायचे आणि खड्ड्यात उतरायचे. मी तयारच असायची. त्यांना घाम पुसायलाही मी वेळ देत नसे. "बाबा, करा ना सुरू."

"हो वं, बोल."

कशी मुलगी ही! माझी मुलगी अशी असती तर मी तिच्या केसांतलं सगळं पीठ झटकून तिची भाकरी केली असती.

मुलाखतीच्या चार दिवस आधी त्यांनी मला एक पातळ दिलं. आमसुली रंगाचं, काठाला पिवळी रेघ. "हे नेसून जाय."

"गिऱ्हाइकाचं आहे ना?"

"नाही. तुह्यंच आहे."

मी नेसून बघितलं. पदर पुरत नव्हता. अर्धा हात तोकडं. मी आरशासमोर फिरून फिरून बघितलं आणि कुरकुरले, "बाबा, अर्धा हात आणखी विणलं असतं तर काय झालं असतं?" ते म्हणाले, "निऱ्या एक कमी घे."

सानिकाने परवा मला तिच्यासमोर बसवलं. म्हणाली, "आजी, तू इंटरव्ह्यूअर हो. मला काहीही विचार." मी चष्मा नाकावर ओढून विचारलं, "नोकरी कशाला हवी?" तिने पाठ केलेलं इंग्रजी उत्तर दिलं. त्यात ग्रोथ होती, व्हिजन होती, बऱ्याच उंच उंच गोष्टी होत्या. मला इतकं हसू आलं की तिला राग आला. तिला कसं सांगू, की हेच उत्तर मी दिलंय. शुद्ध मराठीत.

सिव्हिल लाइनमधली ती खोली. उंच छत, लांब दांडीचा पंखा, टेबलामागे दोन साहेब आणि मध्ये जाड भिंगांच्या चष्म्याच्या एक बाई. बाहेर बाकावर आम्ही वीस-पंचवीस मुली, प्रत्येकीच्या ओठांवर पुटपुट. जागा दोन. माझ्या आधी आत गेलेली मुलगी रडत बाहेर आली, मला कळेना ती स्वगतातलं रडते आहे की घरचं.

"अभिनयाकडे का वळावंसं वाटलं?" एका साहेबांनी विचारलं.

"कलेच्या माध्यमातून समाजप्रबोधन करणे हे माझे जीवितध्येय आहे," मी म्हटलं. 'मले-तुले' बोलणाऱ्या घरातली मी, महिनाभर घोटून घोटून हे वाक्य बसवलं होतं.

"आणि पोटाचं काय?"

मग म्हटलं, "ते पाठ नाही केलं."

बाईंना हसू आलं. "बरं, स्वगत म्हण."

मी कंबर वाकवली. वर पंखा फिरत होता, जुना, कुठेतरी घासणारा. कट्ट, कटक्. अगदी घरच्यासारखा. माझा जीव भांड्यात पडला. 'कोण आहे दारात? वारा असशील तर जा, माणूस असशील तर बस.' वाक्यं आपोआप येत गेली. त्या दिवशी ती म्हातारी खोकली नाही. माझं मलाच नवल वाटत होतं. आणि ऐन मध्यावर लाइट गेली.

पंखा थांबला. मी थांबले. काहीतरी चुकलं. मी पहिल्यापासून घेतलं: 'कोण आहे दारात?' पण आवाज येईना. म्हणजे अजून चूक आहे. मी पुन्हा घेतलं. 'कोण आहे दारात?' शांतता. खिडकीच्या वाळ्याच्या ताटीतून टपकणारं पाणी ऐकू येत होतं. तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि वर पंख्याकडे बघत राहिले.

"विसरलीस का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग थांबतेस का?"

"माग थांबला," मी म्हटलं.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. "कुठला माग?"

घोटून बसवलेली भाषा कुठल्या कुठे गेली. "बाबा माग थांबवते, म्हणजे माहं काई चुकलं असते. मग पहिल्यापासून घ्या लागते."

एक साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी टेबलावरची लाकडी पट्टी उचलली आणि टेबलावर ठोकली. "असा वाजतो?"

"नाही," मी म्हटलं. "एक लांब, एक आखूड."

त्यांनी पुन्हा ठोकलं. मी म्हटलं, "जरा हळू." तर अशी मी भर मुलाखतीत परीक्षकांना ताल शिकवला. मग तो जमला. खट्ट, खटक्. बाई पट्टी वाजवत राहिल्या आणि मी स्वगत शेवटापर्यंत म्हटलं. शेवटच्या वाक्याला खोलीत कोणीच हललं नाही. नटाने आयुष्यभर ज्या शांततेची वाट बघावी, ती हीच म्हणतात. मी मात्र पुन्हा पहिल्यापासून घ्यायला तोंड उघडलं. कारण बाईंनी पट्टी खाली ठेवली होती.

"जा," त्या म्हणाल्या. "कळवू. आणि तुझ्या वडिलांना सांग, माग थांबू देऊ नका म्हणावं."

मी उन्हातून कशी आले ते आठवत नाही. पाठीवर ऊन, डोक्यात पट्टीचा ठोका. दारातूनच ओरडले, "बाबा, बाईंनी निरोप दिलाय! म्हणाल्या, माग थांबू देऊ नका!"

बाबा खड्ड्यात बसलेले होते. हसले. "असं म्हणाल्या काय?"

"मग काय! चालवा ना. मी कसं म्हटलं ते दाखवते. नाही, थांबा. आज मी बसून म्हणते."

मी आरशाकडे गेले नाही. महिनाभरात पहिल्यांदा त्यांच्यासमोर, खड्ड्याच्या काठाला येऊन बसले. त्यांचा दोरीवरचा हात क्षणभर थबकला. मग त्यांनी दोरी ओढली.

धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे गेला. मधे काहीही नव्हतं. एक दोरा नाही. लाकडाच्या रिकाम्या वाटेवरून धोटा नुसता पळत गेला, फणीची रिकामी चौकट येऊन हवेला ठोकून गेली. खट्ट, खटक्. तोच तो मोकळा आवाज.

आमच्यात एक रीत आहे. ताणा, म्हणजे मागावरचे उभे दोरे, सरला तरी विणणारा फणीतले शेवटचे दोरे काढत नाही. वीतभर जुने दोरे तसेच ठेवतो, नवं सूत आलं की त्यांनाच एकेक सांधायचं. ते दोरे आहेत तोवर माग जिवंत. आणि रिकामा माग कधी चालवायचा नाही. रिकामा पाळणा हलवत नाहीत, तसं. मी त्या घरात जन्मले होते, हे मला सांगायची गरज नव्हती. बाबांनी ते शेवटचे दोरे कापून टाकले होते. ते मध्ये आले असते तर धोटा पळाला नसता. आणि धोटा पळाला नसता तर मला ठोका मिळाला नसता.

सोसायटीचं सूत अक्षय्य तृतीयेलाच बंद झालं होतं. माझं अर्धा हात तोकडं पातळ म्हणजे त्या मागावरचं शेवटचं कापड. सकाळी ते सुताचं पाहायला नव्हे, शहराबाहेर वाडीला ट्रकांच्या गोदामात काम मागायला जात होते आणि बाराच्या उन्हात परत येऊन रिकाम्या खड्ड्यात उतरत होते. आणि मायचा तो अपशकुन माझ्या म्हातारीचा नव्हताच. ती माझ्याशी बोलतच नव्हती. ती माझ्या मागे बघून बोलत होती.

आताही ती दारात उभी होती. "आता तरी थांबवा अजी," ती म्हणाली. "पोट्टीनं पाह्यलं."

बाबांनी मला बघताना बघितलं होतं. आमची नजर भेटली. मला वाटलं, आता थांबतील. दोरा तुटला म्हणतील. कुठला दोरा?

ते थांबले नाहीत. "काहून गप झाली वं?" ते म्हणाले. "बोल."

मी बोलले. कोण आहे दारात. शेवटापर्यंत बोलले. रडत होते, खरी रडत होते, शब्द गळत होते, वाक्यं उलटसुलट होत होती. माग एकदाही थांबला नाही.

नोकरी लागली. सानिकाला याच भागात फार रस असतो, मग काय झालं आजी, स्टार झालीस का? झाले ना. नव्वद वर्षांच्या म्हातारीची तयारी करून गेलेली मी सरकारी नोकरीत सगळ्यात जास्त वेळा डास झाले. मलेरियाचा. कधी लसीची सुई, कधी सुधारित बियाणं, एकदा आख्खा बिनधुराचा चुल्हा. जीपमधून गावोगाव. कळमेश्वरच्या बाजारात प्रयोग होता तेव्हा बाबा एसटीने आले होते, मागे उभे राहून बघितलं. नंतर म्हणाले, "डास चांगला झाला. तिसऱ्या वाक्याले अडखळली." मला तिसऱ्या वाक्यालाच पाठीमागे शांत शांत वाटलं होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही.

माग मोडून लाकूड विकलं. बाबा वाडीच्या गोदामात चौकीदार झाले. दोनच उन्हाळे. दुसऱ्या नवतपात दुपारी खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. खिशात कांदा होता. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. माय म्हणाली, रिकामा माग चालवला की तो विणणाऱ्याला मागून घेतो. ती मला दोष देऊन म्हणाली नाही. पाऊस येईल म्हणावं तसं म्हणाली, आणि पुन्हा आयुष्यात तो विषय काढला नाही.

मी हे मानत नाही. शहाण्णव ठिकाणी अंधश्रद्धेविरुद्ध नाचून आलेली बाई आहे मी. बाबा उन्हाने गेले, गरिबीने गेले, वयाच्या बावन्नाव्या वर्षी उन्हात खुर्ची टाकून बसावं लागलं म्हणून गेले. हे सगळं मला व्यवस्थित पाठ आहे. पण नवतपात लाइट जाते, पंखा दोन फेऱ्या घेऊन थांबतो आणि जी शांतता होते, तिच्यात माझं काहीतरी चुकलेलं असतं. काय, ते कधी सापडत नाही. म्हणून मी पहिल्यापासून घेते. आणि तो आरसा. तो अजून आहे माझ्याकडे, पारा उडालेला. त्या महिनाभर त्यात माझ्या खांद्यामागे बाबा दिसत असणार. हात, दोरी, रिकामी चौकट, सगळंच दिसत असणार. मी रोज तासन्‌तास त्याच आरशात बघत होते. आजही त्याच्यासमोर उभी राहिले की नजर माझ्या तोंडावर ठरत नाही, खांद्यामागे जाते.

काल दुपारी रिकाम्या मागाचंही सगळं सानिकाला सांगितलं. कपाटावरून तिने धोटा खाली काढला, लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंड, मधली कांडीची जागा रिकामी. मागाचं तेवढंच उरलंय. हातात फिरवून तिने तो माझ्याशेजारी ठेवला.

"आज चारला फायनल राउंड आहे," ती म्हणाली. "एकदा शेवटचं म्हणून दाखवू? पण तू हसायचं नाही."

"नाही हसत."

ती समोर बसली. शर्ट इस्त्रीचा, पायजमा रात्रीचा. बोलायला लागली. तिसऱ्या वाक्याला लाइट गेली. पंख्याने दोन फेऱ्या घेतल्या आणि थांबला. खोलीत एकदम ते झालं, जे दर वेळी होतं. सानिका अडखळली, माझ्याकडे बघू लागली. तिच्या ओठांवर पहिलं वाक्य परत आलेलं मला दिसलं.

"थांबू नको," मी म्हटलं.

धोटा उचलला आणि खुर्चीच्या लाकडी हातावर ठोकायला लागले. खट्ट, खटक्. एक लांब, एक आखूड.

"आजी, पण हा तर रिकामा..."

"माहीत आहे मला. तू बोल."

ती बोलायला लागली. मी एकदाही पापणी मिटली नाही. तिच्या कपाळावरचा घाम, शर्टाचं चुकून वरखाली लागलेलं बटण, एका शब्दाला वाकडा होणारा ओठ, सगळं बघत राहिले. मागे दाराशी पडदा हलल्यासारखा वाटला. मी वळले नाही, हात थांबवला नाही. वारा असेल तर जाईल. माणूस असेल तर बसेल.